अपुऱ्या दिवसांच्या मुलांचं वय कुठून मोजायचं? शालेय चाचण्या तयार करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शालेय चाचण्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्था, परीक्षा मंडळं, आणि मुलांच्या मूल्यमापन अहवालांवर सही करणारे सर्व मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षक यांस,

स. न. वि. वि.

मुलाला एकट्याला समोर बसवून घ्यायच्या कुठल्याही चाचणीची उत्तरपत्रिका उघडली की सुरुवातीलाच चाचणीची तारीख, जन्मतारीख आणि या दोहोंची वजाबाकी करून आलेलं वय लिहावं लागतं. ही वजाबाकी चुकली तर पुढचं सगळंच चुकतं, असं आम्हाला प्रशिक्षणात बजावलेलं असतं आणि ते खरं आहे. मुलाचे कच्चे गुण कोणत्या वयोगटाच्या तक्त्यात पाहायचे, हे त्या एका आकड्यावर ठरतं. मी विशेष शिक्षिका आहे. शाळांमधल्या मुलांचं मूल्यमापन करणं हेच माझं काम. दिवस भरण्याआधी जन्मलेलं मूल समोर बसलं की त्या वयाच्या रकान्यात नेमकं काय लिहायचं, यावर आमच्या क्षेत्रात एकमत नाही. कोणी सुधारित वय धरतं, म्हणजे जन्म जितके आठवडे लवकर झाला तितके वजा करून आलेलं वय, कोणी धरत नाही, आणि काय धरलं हे बरेचदा अहवालात लिहिलेलंही नसतं.

माझं म्हणणं आधीच सांगते. मुदतपूर्व जन्माची नोंद शालेय चाचणीत घेतलीच पाहिजे, आणि जिथे शंका आहे तिथे तिचा फायदा मुलाला मिळाला पाहिजे. मुलावर मंदगतीचा शिक्का मारण्याची वेळ येईल तेव्हा केवळ जन्मतारखेच्या वयावर तो मारू नका. मदत द्यायची की नाही हे ठरवण्याची वेळ येईल तेव्हा सुधारित वयाकडे बोट दाखवून ती नाकारू नका. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतील याची मला जाणीव आहे. तसं का नाही, ते समजावून सांगायला थोडी जागा लागेल.

गर्भारपणाचे ४० आठवडे पूर्ण दिवसांचे धरले जातात. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीचा जन्म मुदतपूर्व, ३२ च्या आधीचा अति मुदतपूर्व आणि २८ च्या आधीचा अत्यंत मुदतपूर्व. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मली, म्हणजे साधारण दहातलं एक. यातली बहुतेक ३२ आठवड्यांनंतरची असतात. ही मुलं मोठी होतात, शाळेत जातात, आणि त्यांच्या जन्माचा आठवडा रुग्णालयाच्या फायलीतच राहतो. वर्गशिक्षकांना तो ठाऊक नसतो आणि चाचणी घेणाऱ्याला विचारायचं सुचत नाही.

बाळांचे डॉक्टर मात्र त्याच्याशिवाय पुढे जात नाहीत. १६ आठवडे आधी जन्मलेलं बाळ एक वर्षाचं झालं की ते त्याला सुमारे आठ महिन्यांचं धरतात. कधी बसेल, कधी उभं राहील, कधी बोलेल याच्या अपेक्षा त्या आठ महिन्यांवरून ठरतात. हा विचार काही नवा नाही. बालविकासाचे टप्पे मांडणाऱ्या अर्नॉल्ड गेसेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्याची बाजू घेतली होती. पुढे १९८३ साली संशोधक लिंडा सीगल यांनी उलट बाजूने लिहिलं, की पहिल्या वर्षानंतर ही दुरुस्ती करत राहिलं तर खऱ्या अडचणी झाकल्या जाऊ शकतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००४ च्या धोरणपत्रात सुधारित वय तीन वर्षांपर्यंतच वापरावं असं म्हटलं. बेली विकास चाचणीच्या तिसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा दोन वर्षांची आहे, आणि ती चाचणी तर साडेतीन वर्षांपर्यंतच्या मुलांना लागू होते. याचा अर्थ असा, की तेच मूल दुसऱ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी एका तक्त्यात बसतं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. एका रात्रीत त्याचा गुणांक खाली येतो. मुलात काहीही बदललेलं नसतं.

दोन किंवा तीन वर्षांची ही रेघ कुठून आली? तिच्यामागचं कारण मुख्यतः हिशेबाचं आहे. १६ आठवडे म्हणजे एका वर्षाच्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा भाग. दोन वर्षांच्या आयुष्यात तो सहावा भाग होतो, सहा वर्षांच्या आयुष्यात साधारण विसावा, दहा वर्षांच्या आयुष्यात शंभरातले तीन. वय वाढत जातं तसा फरक किरकोळ होतो, तेव्हा सोडून द्या, असा हा युक्तिवाद. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. जुन्या पद्धतीने, म्हणजे मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणून, ढोबळ अंदाज काढून पाहा. १६ आठवडे आधी जन्मलेलं आणि सुधारित वयाप्रमाणे अगदी सरासरी असलेलं मूल दोन वर्षांचं असताना ८५ च्या आसपास दिसेल, सहा वर्षांचं असताना ९५ च्या आसपास आणि दहा वर्षांचं असताना ९७ च्या. आजच्या चाचण्या असा भागाकार करत नाहीत, त्या वयोगटाच्या सरासरीपासूनचं अंतर मोजतात. पण फरक केवढा असू शकतो हे कळायला एवढं पुरे. १०० सरासरी आणि १५ प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेले असतात त्याचं माप) असलेल्या मापावर पाच गुण म्हणजे एका विचलनाचा तिसरा भाग. मुलाला कोणत्या गटात टाकायचं हे जिथे ठरतं, त्या ७० किंवा ८५ या रेषेच्या जवळपास असलेल्या मुलाच्या बाबतीत तो किरकोळ म्हणता येत नाही.

आणि तुमच्या स्वतःच्या तक्त्यांनाच तो किरकोळ वाटत नाही. शालेय वयाच्या मुलांसाठीच्या वेक्सलर बुद्धिचाचणीच्या पाचव्या आवृत्तीत मानकं, म्हणजे तुलनेचे तक्ते, चार-चार महिन्यांच्या गटांत दिलेली आहेत. लहान मुलांच्या वेक्सलर चाचणीत हे गट आणखी बारीक आहेत. दोन-चार महिन्यांनी काही फरक पडत नसता तर इतके बारीक गट पाडण्याचे कष्ट कोणी घेतले असते? पूर्ण दिवसांच्या मुलासाठी तीन-चार महिने महत्त्वाचे आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलासाठी तेच दुर्लक्ष करण्याजोगे, हे मला पटत नाही.

यात व्यवहारातली एक अडचण आहे. तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं, म्हणून मुद्दाम सांगते. समजा, २७ आठवड्यांनी जन्मलेली मुलगी जन्मतारखेप्रमाणे सहा वर्षं दोन महिन्यांची आहे. १३ आठवडे वजा केले की ती पाच वर्षं अकरा महिन्यांची होते. शालेय वेक्सलर चाचणी सहा वर्षं पूर्ण झाल्यावर सुरू होते. म्हणजे सुधारित वय धरलं तर या चाचणीत तिच्यासाठी तक्ताच नाही. मग परीक्षक काय करतो? निमूटपणे जन्मतारीख धरतो, कारण हाती असलेली पेटी तीच. मुलीचं वय कसं मोजायचं हा निर्णय इथे कोणत्याही विचाराने झालेला नसतो, कपाटात कोणती चाचणी आहे यावर झालेला असतो. शालेय आणि लहान मुलांच्या अशा दोन्ही वेक्सलर चाचण्यांची वयं सुमारे दीड वर्ष एकमेकांवर चढतात. या पट्ट्यातल्या मुदतपूर्व मुलासाठी धाकटी चाचणी निवडावी, एवढी साधी सूचनासुद्धा पुष्कळ अहवाल सुधारेल.

आता दुसरी बाजू. ती मी टाळणार नाही, कारण माझ्याच मागणीला तिने मर्यादा घातली आहे.

सर्व चाचण्या एकाच गोष्टीचं माप घेत नाहीत. दोन अंकी बेरीज येते का, परिच्छेद वाचून अर्थ सांगता येतो का, हे तपासणारी चाचणी ठरलेल्या निकषाशी तुलना करते. तिथे वयाचा प्रश्नच येत नाही. येत असेल तर येतं, नसेल तर शिकवायचं. काही चाचण्या इयत्तेच्या मानकांवर चालतात, म्हणजे तिसरीतल्या मुलाची तुलना तिसरीतल्याच मुलांशी होते. तिथेही आठवडे वजा करण्याला अर्थ नाही, कारण त्या सगळ्यांना शिकवणं जवळपास सारख्याच महिन्यांचं मिळालेलं असतं. सोरेल काहान आणि नोरा कोहेन यांनी जेरुसलेममधल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांचा अभ्यास करून १९८९ साली दाखवून दिलं, की बुद्धिचाचण्यांच्या गुणांवर शाळेतल्या एका वर्षाचा परिणाम वयाच्या एका वर्षाच्या सुमारे दुप्पट असतो. शाळेत घालवलेले महिने गर्भात न घालवलेल्या आठवड्यांमुळे कमी होत नाहीत. म्हणून सरसकट सगळीकडे वय घटवा, अशी मागणी मी करणार नाही. जी चाचणी वयाच्या मानकांवर उभी आहे आणि जिच्यात तर्क, स्मृती, प्रक्रियेचा वेग अशा न शिकवलेल्या गोष्टी मोजल्या जातात, तिच्यापुरतीच ही मागणी आहे.

तिथेही निसर्गाचं उत्तर सरळ नाही. गर्भाबाहेर आलेल्या बाळाला डोळ्यांनी पाहण्याचे, आवाज ऐकण्याचे जास्तीचे आठवडे मिळतात. ते उपयोगी पडतात का? २०१२ साली गाबोर यांदो आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असं दिसलं, की दोन्ही डोळे मिळून पाहण्याची क्षमता मुदतपूर्व बाळांतही जन्मानंतर साधारण तितक्याच महिन्यांनी येते, जितक्या महिन्यांनी पूर्ण दिवसांच्या बाळांत येते. म्हणजे तिथलं घड्याळ जन्मापासून चालतं. उलट २०१० साली मार्सेला पेन्या आणि सहकाऱ्यांनी आपल्या भाषेचा ठेका ओळखण्याची क्षमता तपासली, तेव्हा नऊ महिन्यांपूर्वी पण तीन महिने लवकर जन्मलेली बाळं सहा महिन्यांच्या पूर्ण दिवसांच्या बाळांसारखी निघाली. तिथलं घड्याळ गर्भधारणेपासून चालतं. मेंदूतली एक गोष्ट एका तारखेपासून मोजली जाते आणि दुसरी दुसऱ्या. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या शब्दसंग्रहासाठी, ठोकळ्यांच्या रचनेसाठी, आकडे लक्षात ठेवण्यासाठी कोणतं घड्याळ लावायचं, याचा निकाल एका वजाबाकीने लागणार नाही. म्हणूनच दोन्ही आकडे लिहा, असं मी म्हणते.

वय घटवणं म्हणजे मूल उशिरा निघालं आहे पण त्याच रस्त्याने चाललं आहे, असं गृहीत धरणं. थोडा वेळ द्या, गाठेल. कित्येक मुलं गाठतात. पण जितका जन्म लवकरचा, तितकं हे गृहीतक डळमळीत होतं. गर्भारपणाचे शेवटचे तीन महिने मेंदूसाठी फार धामधुमीचे असतात. ३४ व्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या सुमारे ६५ टक्केच असतं. मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, म्हणजे बाह्यकाच्या घड्या, चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशींची घडण, मेंदूच्या दूरच्या भागांना जोडणारे मार्ग, हे सगळं त्या काळात घडत असतं. ते काम गर्भाशयाऐवजी दिव्यांच्या उजेडात, श्वासाला यंत्राचा आधार असताना, कधी मेंदूतला रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग झेलत झालं, तर ते नुसतं मागे पडत नाही, वेगळ्या पद्धतीने होतं. शाळेच्या वयात याचं रूप बरंचसं ओळखीचं दिसतं. वाचनापेक्षा गणित जड जातं. एकाच वेळी दोन गोष्टी मनात धरून ठेवणं अवघड होतं. काम बरोबर असतं पण हळू असतं. दंगा न करता लक्ष निसटतं, त्यामुळे शिक्षकांच्या नजरेत येत नाही. या मुलाचं वय चार महिन्यांनी कमी केलं म्हणून त्याचा वेग वाढत नाही. आणि एकूण गुणांक सुधारून ९० झाला की हा सगळा नकाशा त्या एका आकड्याखाली गाडला जातो.

सीगल यांनी चाळीस वर्षांपूर्वी दिलेला इशारा मला इथे योग्य वाटतो. पालकांना ‘अपुऱ्या दिवसांचं आहे ना, होईल हळूहळू’ असं सांगणारे सगळे भेटतात: नातेवाईक, शेजारी, शिक्षक, कधी डॉक्टरही. त्यात माया असते. पण आठव्या-नवव्या वर्षीही तेच वाक्य चालू असेल, तर त्या मायेपोटी मुलाची शिकण्याची महत्त्वाची वर्षं निघून जातात. मदतीची रेषा ८५ वर आहे, जन्मतारखेप्रमाणे गुण ८२ आणि सुधारित वयाप्रमाणे ८६, असं असेल तेव्हा ८६ दाखवून मदत बंद करणारा अहवाल मी अन्यायाचा मानते. तेच ८२ दाखवून मुलाला कायमचं कमी क्षमतेच्या गटात टाकणारा अहवालही तितकाच अन्यायाचा आहे. एकच आकडा दोन कामांना वापरला की दोन्ही कामं बिघडतात.

तुलना कोणाशी करायची हा प्रश्न किती मोठा आहे, हे एपिक्युअर अभ्यासाने दाखवलं आहे. १९९५ साली युनायटेड किंगडम आणि आयर्लंडमध्ये २६ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या मुलांचा हा अभ्यास. ही मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा चाचणीच्या छापील मानकांशी तुलना केली, तर २१ टक्के मुलांत बौद्धिक अक्षमता दिसली. त्यांच्याच वर्गातल्या मुलांशी तुलना केली तेव्हा तोच आकडा ४१ टक्के झाला. मुलं तीच, चाचणी तीच. मानकं जुनी झाली की ती आजच्या मुलांना वाजवीपेक्षा हुशार दाखवतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. वयाच्या दुरुस्तीवर आपण इतका खल करतो, पण शिळ्या मानकांनी होणारी चूक तिच्यापेक्षा मोठी असू शकते. मानकं वेळच्या वेळी नवी करणं ही तुमच्याकडे माझी पहिली मागणी का नाही, असं कोणी विचारलं तर खरंच उत्तर देणं कठीण जाईल. ती मागणी याच पत्राचा भाग समजा.

चाचणीचं वय आणि कोणत्या वर्गात बसायचं, या दोन गोष्टी वेगळ्या असूनही चर्चेत त्या नेहमी गुंततात. त्याला कारण आहे. प्रवेशाची एक ठरलेली तारीख असते. सात-आठ आठवडे लवकर जन्मलेलं मूल त्या तारखेच्या अलीकडे पडतं आणि आपल्या खऱ्या सोबत्यांपेक्षा एक वर्ष वरच्या वर्गात बसतं. इथे काही आठवड्यांचा फरक एका पूर्ण शैक्षणिक वर्षाचा होतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांच्या माहितीवरून डेव्हिड ऑड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली हे मांडलं. मुदतपूर्व मुलांची तुलना नुसत्या जन्मतारखेवर केली तर ती बरीच मागे दिसत होती. अपेक्षित प्रसूतीची तारीख आणि शाळेचं वर्ष या दोन्हींची जुळणी करून तुलना केली, तेव्हा तो फरक बऱ्यापैकी कमी झाला. इंग्लंडच्या शाळाप्रवेश संहितेत तर, उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलाला खालच्या वयोगटात घ्यायचं का हे ठरवताना, तो मुदतीत जन्मला असता तर कोणत्या गटात आला असता याचा विचार करावा, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

म्हणून सगळ्या मुदतपूर्व मुलांना एक वर्ष थांबवा, असं मात्र मी म्हणत नाही. जर्मनीतल्या बव्हेरियात यूलिया येकेल, डीटर वोल्के आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास ज्यांना थांबवण्याचा मोह होतो त्यांनी जरूर वाचावा. उशिरा शाळेत घातलेल्या मुदतपूर्व मुलांचं पहिल्या वर्षातलं काम शिक्षकांना जास्त चांगलं वाटलं नाही, आणि आठव्या वर्षी घेतलेल्या वाचन, लेखन, गणित व लक्ष यांच्या चाचण्यांत ती वेळेवर गेलेल्यांपेक्षा मागे होती. शिकवण्याचं एक वर्ष हुकलं, त्याची ही किंमत असावी. कागदावर वय दुरुस्त केल्याने मुलाचं काही हिरावलं जात नाही. शाळेबाहेर वर्षभर ठेवल्याने जातं. हा फरक धोरण लिहिणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यायला हवा.

निवडीच्या परीक्षांबद्दल थोडक्यात. जागा मोजक्या असतात, एकाला दिलेला गुण दुसऱ्याची जागा घेतो, त्यामुळे इथे मी अधिक जपून बोलते. जी परीक्षा वयाचा विचारच करत नाही, तिच्यात केवळ मुदतपूर्व मुलांसाठी नवी सवलत निर्माण करू नये. पण काही परीक्षा जन्माच्या महिन्याप्रमाणे गुणांचं प्रमाणीकरण करतात, इंग्लंडमधल्या अकरा वर्षांच्या मुलांच्या निवड परीक्षांत हे सर्रास होतं. अशा परीक्षेने महिन्यांचा फरक खरा आहे हे मान्यच केलेलं असतं. मग रुग्णालयाच्या कागदावर अपेक्षित तारीख स्पष्ट असताना ती विचारात न घेण्याचं कारण उरत नाही. त्या वयात याने मिळणारे गुण थोडेच असतील. ज्या मुलांचा वेग कमी आहे, त्यांना जास्तीचा वेळ आणि शांत खोली याचा उपयोग कितीतरी जास्त होईल.

आणि कृपा करून ३७ आठवड्यांच्या रेषेला ‘हो की नाही’ असं रूप देऊ नका. स्कॉटलंडमधल्या चार लाखांहून अधिक शाळकरी मुलांच्या नोंदी तपासून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विशेष शैक्षणिक गरजांची शक्यता जन्माच्या आठवड्याबरोबर पायरीपायरीने बदलताना दिसली. ३७ ते ३९ आठवड्यांच्या मुलांतही ती ४० आठवड्यांच्या मुलांपेक्षा थोडी जास्त होती. त्या मुलांची संख्या मोठी असल्याने एकूण गरजवंतांत त्यांचा वाटा मुदतपूर्व मुलांपेक्षाही जास्त भरला. २५ आठवड्यांचं आणि ३६ आठवड्यांचं मूल एकाच शब्दाखाली येतं, पण चाचणीच्या टेबलावर त्यांच्यात फार थोडं साम्य असतं. ३६ आठवड्यांच्या मुलाच्या सहाव्या वर्षी वय दुरुस्त करून फारसं काही हाती लागणार नाही. तरीही जन्माचा आठवडा लिहिलेला हवा, कारण तो मुळात गणितासाठी नाही, समजुतीसाठी आहे.

तर माझ्या मागण्या अशा. उत्तरपत्रिकेवर जन्मतारखेच्या खाली ‘जन्माच्या वेळी पूर्ण झालेले आठवडे’ हा रकाना छापा. वयाच्या मानकांवर चालणाऱ्या चाचणीत, ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलासाठी निदान आठ वर्षांपर्यंत दोन्ही वयांनी काढलेले गुण शेजारी शेजारी लिहिणं परीक्षकाला बंधनकारक करा. आठ हा आकडा माझा आहे, त्यावर वाद घालायला मी तयार आहे. पण दोन किंवा तीन वर्षांपाशी डोळे मिटणं बंद व्हायला हवं. संगणकावर गुण काढणाऱ्या प्रणालीत हे करणं अवघड नाही, दोन तक्ते उघडायचे एवढंच. दोन्ही आकड्यांमुळे निर्णय बदलत नसेल तर प्रश्नच मिटला. बदलत असेल, तर परीक्षकाने कोणत्या कामासाठी कोणता आकडा वापरला आणि का, हे एका परिच्छेदात लिहावं. एकूण गुणांकाआधी उपचाचण्यांचा नकाशा द्यावा, विशेषतः कार्यकारी स्मृती (माहिती मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता) आणि प्रक्रियेचा वेग. आणि या मुलांची चाचणी एकदाच घेऊन फाईल बंद करू नये. पहिलीत ठीक दिसलेलं मूल चौथीत अभ्यास गुंतागुंतीचा झाला की अडखळतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहते.

रकाना छापताना पालकांच्या भीतीचाही विचार व्हावा. आपलं मूल महिनोन्‌महिने काचेच्या पेटीत होतं हे शाळेला कळलं तर ते आधीच कच्चं ठरवलं जाईल, म्हणून ते सांगत नाहीत. ही भीती निराधार नाही. त्यामुळे हा प्रश्न प्रवेशअर्जावर कधीही नसावा. तो फक्त मूल्यमापनाच्या वेळी, कारण सांगून, नाकारण्याची मोकळीक देऊन विचारला जावा, आणि उत्तर अहवालापुरतंच राहावं. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्या मुलाचा अहवाल त्यावरून अपूर्ण ठरवू नये.

एक मागणी फक्त तुम्हीच पुरी करू शकता. तुमच्याकडे मानकं तयार करताना तपासलेल्या हजारो मुलांची मूळ माहिती असते. पुढच्या आवृत्तीसाठी नमुना निवडताना प्रत्येक मुलाचा जन्माचा आठवडा विचारा, आणि वयोगटागणिक मुदतपूर्व मुलांचं प्रमाण किती होतं ते पुस्तिकेत छापा. जन्मतारखेच्या आणि सुधारित अशा दोन्ही वयांनी त्या मुलांचे गुण किती बदलतात, कोणत्या उपचाचणीत बदलतात आणि कोणत्या वयानंतर बदलणं थांबतं, हे त्यातून कळेल. मग दोन वर्षं की आठ वर्षं, हा वाद अंदाजांवर घालावा लागणार नाही. तोपर्यंत माझ्या अहवालांत दोन्ही आकडे असतील, आणि आमच्या क्षेत्रातल्या इतरांनीही तसंच लिहावं असं मी त्यांना सांगत राहीन.

तुमच्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक विशेष शिक्षिका